दंडावरचं सेन्सर, अकरा खोकी वापरून झाल्यावर : भविष्य सांगतं का हो हे?

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. दोन कंपन्यांची वापरून झालीत, दोघांच्याही तक्रारी आहेत आणि मला कुणाशी वाद घालायचा नाही. दंडाला चिकटवायचं ते गोल बटण, दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, चौदा दिवस चालतं, मोबाईल जवळ नेला की शुगर दाखवतं, तेच. साधारण पाच हजाराच्या आसपास पडतं एक. आम्ही वर्षभरात अकरा लावली म्हणजे हिशोब तुम्हीच करा. मेडिक्लेमवाल्यांनी एकाचेही पैसे दिले नाहीत, म्हणे हे उपचारात बसत नाही, असो.

आमची केस थोडी वेगळी आहे म्हणून लिहायला बसलो. नेटवर या सेन्सरबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते सगळं साध्या डायबेटीसवाल्यांचं, भात खाल्ला तर किती वाढली, नाचणी खाल्ली तर किती वाढली असं. माझ्या धाकट्या भावाला, घरात सगळे बापूच म्हणतात, दहा-बारा वर्षं पॅनक्रियाजचा त्रास होता, स्वादुपिंडात खडे, पोटातली कळ पाठीत जायची, उपाशी राहिला तरी दुखायचं आणि खाल्लं तरी. अमळनेरचे झाले, धुळ्याचे झाले, नाशिक झालं. दारूचा थेंब नाही पोराला, तरी गावात लोकं काय बोलायचे ते बोललेच. शेवटी मनमाडहून रात्रीच्या गाडीने दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो आणि तिथे मागच्या वर्षी फेब्रुवारीत पूर्ण स्वादुपिंड काढून टाकलं.

आता पूर्ण काढलं म्हणजे इन्सुलिन बनवणारं काहीच उरत नाही, माणूस त्याच दिवसापासून पक्का डायबेटीसवाला. म्हणून त्यांनी काय केलं, काढलेलं स्वादुपिंड लॅबमध्ये नेऊन त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या, आयलेट नावाच्या पेशींचे पुंजके वेगळे काढले आणि पोर्टल व्हेन म्हणून लिव्हरकडे जाणारी मोठी शीर असते, तिच्यातून लिव्हरमध्ये सोडले. स्वतःच्याच पेशी म्हणून शरीर त्यांना परकं समजत नाही, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांसारख्या जन्मभर गोळ्या नाहीत. अमेरिकेत मिनेसोटात १९७७ साली हे पहिल्यांदा केलं, म्हणजे तसं नवीन नाही, फक्त आपल्याकडे खूप कमी लोकांना माहितीय. मला पण नव्हतं. मी माणूस हार्डवेअरच्या दुकानातला, पाईप नि नळ विकणारा, पण मागच्या वर्षात जेवढं वाचलं तेवढं दहावीला वाचलं असतं तर आज दुकानात नसतो.

आईला समजावताना मी म्हणालो, माय, वाडीतलं झाड वाळलं म्हणून उपटलं पण त्याची रोपं काढून दुसऱ्या शेतात लावली. ती म्हणाली, "लागतीन का पण?" बस, पूर्ण वर्षभर आमचा प्रश्न तोच होता. लागतील का. लागली का. किती लागली. आणि ते दंडावरचं बटण याच प्रश्नाला काही उत्तर देतं का नाही, त्याचाच हा रिव्ह्यू आहे.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी आकडा सांगितला होता, वजनाच्या किलोमागे साधारण ३२०० आयलेट मिळाल्यात. आम्हाला काय कळतंय, चांगलं का वाईट? त्यांनीच मिनेसोटाचा हिशोब सांगितला, ४०९ पेशंटचा, २०१२ साली छापलेला. किलोला ५००० च्या वर मिळालेल्यांपैकी ७२ टक्के लोक तीन वर्षांनी इन्सुलिनशिवाय होते, २५०० ते ५००० वाल्यांमध्ये २२ टक्के, त्याच्या खाली १२ टक्के. आम्ही मधल्या डब्यात. गाडीत बापू खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाला, "दादा, म्हणजे शंभरातले बावीस." मी म्हटलं बावीस कमी नाहीत भो. कमीच आहेत ते मलाही माहीत होतं.

पहिले तीन महिने तर इन्सुलिन मुद्दाम द्यायचं असतं, पेशी चालत असल्या तरी. हे आम्हाला खूप उशिरा समजलं आणि तोवर घरात रोज रडारड, इन्सुलिन चालू आहे म्हणजे ऑपरेशन फेल गेलं असं धरून. तसं नसतं. नवीन जागी सोडलेल्या पेशींना सुरुवातीला स्वतःची रक्तवाहिनी पण नसते, ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यात भरपूर पेशी मरतात आणि वरून शुगर वाढली तर उरलेल्यांवर लोड येतो. नवीन रोपाला भर उन्हात सोडत नाही ना आपण, सावली करतो, तशी बाहेरच्या इन्सुलिनची सावली. म्हणून शुगर एकदम कडक ठेवायची, आणि कडक ठेवायची तर दिवसात सात-आठ वेळा बोट टोचायचं. बापूची बोटं चाळणी झाली होती. तिथून हे सेन्सर आयुष्यात आलं.

पहिलं लावलं तेव्हा आई बघत होती. "हाई काय चिटकाडेल शे रे पोऱ्या हातले? दुखस का?" दुखत नाही. खटकन आवाज येतो एवढंच, आत केसासारखी बारीक तार जाते अर्धा सेंटीमीटर, बाकी सुई परत बाहेर येते. लावल्यावर तासभर थांबावं लागतं मग रीडिंग सुरू. पहिल्या दिवसाचे आकडे मात्र मनावर घेऊ नका, आमच्याकडे पहिल्या दिवशी कायम वीस-पंचवीसने इकडेतिकडे निघायचे, दुसऱ्या दिवसापासून जागेवर. आम्ही नंतर शिकलो, नवीन सेन्सर रात्री जेवण झाल्यावर लावायचं म्हणजे सकाळपर्यंत ते बसलेलं असतं.

अजून एक, हे रक्तातली शुगर मोजतच नाही! पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतं, आणि तिथे शुगर पोचायला पाच-दहा मिनिटं उशीर होतो. शुगर शांत असताना फरक पडत नाही, पण जेवणानंतर चढत असताना किंवा इन्सुलिनने झपाट्याने उतरत असताना सेन्सर मागे असतं. बापूला घाम फुटलेला, हात थरथरताहेत, आणि मोबाईल म्हणतो ८४. बोट टोचून मीटरवर बघितलं तर ६३. तेव्हा अंगात लक्षण आलं की आधी साखर तोंडात, मोबाईलशी चर्चा नंतर.

आता तक्रारी घेतो, म्हणजे चांगलं बोलायला मोकळा.

एक नंबर तक्रार ऊन. अमळनेरचा मे महिना ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. घामाने तिसरं सेन्सर सहाव्या दिवशी निघून शर्टाच्या बाहीत आलं. पाच हजाराचं बटण बाहीत! चूक आमचीच, आईने आदल्या रात्री खोबरेल तेलाने त्याची मालीश केली होती आणि त्याच दंडावर लावलं. स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग लावा, वरून मेडिकलमध्ये कापडी चिकटपट्टी मिळते ती मधोमध छोटं भोक ठेवून मारा. हे खोक्यातल्या कागदावर असेल पण तो कागद इतक्या बारीक अक्षरात की वाचायला माणूस लावावा लागेल.

दुसरी तक्रार पण उन्हाचीच. एका मेडिकलवाल्याने, नाव-गाव सांगत नाही, खोकं वरच्या फळीवर पत्र्याखाली ठेवलं होतं, एसी नाही, पंखा पण काऊंटरकडे. खोक्यावर किती तापमानात ठेवायचं ते छापलेलं असतं हो. ते सेन्सर चौथ्या दिवशी बंद, स्क्रीनवर बदला म्हणून मेसेज. मेडिकलवाला म्हणे कंपनीला फोन करा, कंपनीचा फोन लागला वीस मिनिटांनी, मुलगी बिचारी चांगली बोलली, हिंदीत सगळं विचारलं, सिरीयल नंबर घेतला आणि बदलून पाठवलं, पण यायला नऊ दिवस. त्या नऊ दिवसात परत टोचाटोची. आता आम्ही खोकं घेताना आधी विचारतो ठेवलं कुठे होतं, आणि दुपारी बारा ते चार गाडीच्या डिकीत टाकून आणत नाही.

तिसरी तक्रार नाही म्हणता येणार पण धसका होता. रात्री तीनला अलार्म. शुगर ५१. सगळं घर उठलं, वहिनी म्हणजे बापूची बायको रडकुंडीला, आईने त्याला झोपेतून उठवून गुळाचं पाणी पाजलं, मी मीटर शोधतोय. मीटरवर १०८. तो त्याच कुशीवर झोपला होता, दंड दाबला गेला, तिथलं पाणी हललं नाही म्हणून खोटी लो, म्हणजे कमी शुगर, दाखवली. गुळामुळे नंतर खरी २३० झाली ते वेगळंच. असं चार-पाचदा झालं, मग कूस बदलून दहा मिनिटं थांबायचं आणि बोट टोचून बघायचं असा घरात कायदाच केला.

जुन्या मॉडेलमध्ये आठ तासांच्या आत स्कॅन केलं नाही तर मधला डेटा उडतो हे पण लक्षात ठेवा, रात्री उशिरा झोपून सकाळी उशिरा उठणाऱ्यांसाठी हे लफडं आहे. नवीनमध्ये ब्लूटूथने आपोआप येतं. एमआरआयच्या वेळी आमचं काढावं लागलं, एक असंच नवव्या दिवशी काढून फेकलं, तारखा आधी बघितल्या असत्या तर वाचलं असतं. आणि व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर शुगर उगाच जास्त दाखवतात, ते डॉक्टरांना विचारा.

झालं. आता मुद्द्याचं.

तिसऱ्या महिन्यात चेकअपला गेलो तेव्हा एचबीए१सी म्हणजे ती तीन महिन्यांची शुगर ६.१ आली. आम्ही खूश! वहिनीने तिथेच पेढे घ्यायची तयारी केली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि सेन्सरचा चौदा दिवसांचा कागद मागितला. त्यात सरासरी १४८ होती. आता एक सूत्र आहे, सेन्सरच्या सरासरीवरून एचबीए१सी किती असायला पाहिजे ते काढतात, सरासरीला ०.०२३९२ ने गुणायचं आणि ३.३१ मिळवायचे. मी तिथेच मोबाईलवर केलं, येतं ६.८५. मग लॅबचं ६.१ का? कारण ऑपरेशनात रक्त चढवलं होतं आणि नंतर त्याचं स्वतःचं नवीन रक्त भराभर तयार होत होतं. एचबीए१सी लाल पेशीवर चिकटलेली साखर मोजते, पेशीच तरुण असेल तर तिच्यावर साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, मग आकडा खोटा चांगला येतो. म्हणजे आम्ही पेढे ज्या आकड्यावर वाटणार होतो तो आकडाच कच्चा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सेन्सरला अर्धे मार्क देऊन टाकले.

मग त्यांनी तो कागद आमच्यासमोर वाचला. मी वीस वर्षं वहीखातं वाचतोय, पण हा माणूस जसा त्या रेषा वाचत होता ना, आमच्याकडे पोपटवाला ज्योतिषी बसतो तसं वाटलं, फरक एवढाच की हा प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होता. सगळ्यात आधी बघितलं मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचं. रेष जवळपास सपाट, १०५-११० च्या आसपास. म्हणाले हे चांगलंय, कारण रात्री कुणी जेवत नाही, तेव्हा लिव्हर स्वतः साखर सोडतं आणि तिला आवरायला थोडं थोडं इन्सुलिन सतत लागतं, टोचायच्या पेनमधलं इन्सुलिन कितीही चांगलं असलं तरी इतकं शांत सपाट ते एकटं ठेवत नाही, म्हणजे आतून कुणीतरी मदत करतंय. मग जेवणानंतरचे डोंगर बघितले. दुपारच्या जेवणानंतर २१० पर्यंत, आणि खाली यायला साडेतीन तास. इथे त्यांनी मान हलवली.

साध्या डायबेटीसवाल्याला ७० ते १८० मध्ये दिवसातला ७० टक्के वेळ राहिला की शाब्बास म्हणतात, तो २०१९ चा ठरलेला नियम आहे. पण ट्रान्सप्लांटवाल्याची मोजपट्टी वेगळी, तिथे १४० ची रेघ बघतात. निरोगी माणसाला सेन्सर लावलं तर तो दिवसातला ९६ टक्के वेळ ७० ते १४० मध्येच असतो. म्हणजे पेशी खरंच लागल्या का हे बघायचं तर १४० च्या वर किती वेळ जातो ते बघायचं, १८० नाही. बापूचा १४० च्या वरचा वेळ ४१ टक्के होता. १८० च्या मोजपट्टीने पास, १४० च्या मोजपट्टीने काठावर पण नाही. मोबाईलमधलं ॲप मात्र सगळीकडे हिरवं दाखवत होतं, कारण त्यात १८० भरलेलं. हे ॲपवाल्यांनी सुधारायला पाहिजे किंवा तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन स्वतः १४० करा, आम्ही केलं.

तिसरं बघितलं ते चढउतार, त्याला टक्क्यात मोजतात, ३६ च्या खाली असला तर स्थिर समजतात. बापूचा २४.

मग ते म्हणाले, आणि हे वाक्य मला जसंच्या तसं लक्षात आहे, "इन्सुलिन पूर्ण सुटेल असं मला वाटत नाही, पण कमीवर येईल, आणि हा कधी बेशुद्ध पडून रस्त्यावर सापडणार नाही." वहिनीचा चेहरा पहिल्या अर्ध्याला पडला. बापूचा दुसऱ्या अर्ध्याला खुलला. त्याला भीती त्याचीच होती, पूर्ण स्वादुपिंड काढलेल्या माणसाची शुगर कशी झोक्यासारखी खालीवर जाते ते वॉर्डात त्याने बघितलं होतं.

आता कुणी म्हणेल मग सेन्सरने भविष्य सांगितलं की. नाही, सेन्सरने नाही सांगितलं. इथेच सगळे फसतात. सेन्सर सांगतं शुगर किती. ती कुणी खाली आणली, लिव्हरमधल्या पेशींनी का पेनमधल्या सुईने, ते त्याला माहीतच नाही! चोवीस युनिट इन्सुलिन मारून कुणाचीही रेष सुंदर करता येते. म्हणून डॉक्टरांनी रेषेच्या शेजारी आमची वही ठेवली होती, किती वाजता किती युनिट, काय खाल्लं. आणि त्याच्या जोडीला सी-पेप्टाइडची टेस्ट. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड पण सुटतो, पेनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, म्हणजे घरचं किती आणि बाजारचं किती ते तिथे समजतं. रेष, वही आणि सी-पेप्टाइड, तिघांची साक्ष जुळली तर बोलायचं. जगभर ट्रान्सप्लांट किती चाललं ते ठरवायचे नियम आहेत, २०१७ ला ठरलेले, इग्लसचे नियम म्हणतात, त्यात पण एचबीए१सी, मोठ्या लो किती झाल्या, इन्सुलिनचा डोस आणि सी-पेप्टाइड असं मिळून बघतात, आणि उत्तम, चांगलं, जेमतेम, फेल अशा चार पायऱ्या करतात. पण ही मार्कशीट झाली, परीक्षा संपल्यावरची. सेन्सरची मजा ही की पेशी थकायला लागल्या तर पहिल्यांदा जेवणानंतरचा डोंगर उंच होतो, उतरायला जास्त वेळ घेतो, उपाशीपोटीची शुगर तेव्हा नॉर्मलच असते आणि एचबीए१सी हललेला पण नसतो. म्हणजे सहामाहीतच समजतं पोरगं गणितात मागे पडतंय.

आमच्या बाबतीत ते आठव्या महिन्यात झालं. दिवाळीनंतर. उपाशीपोटी ११२, काही वाटलं नाही. पण सेन्सरवर रात्रीच्या जेवणानंतर २४०, मध्यरात्री दीडपर्यंत खाली नाही. वही उघडली तर तीन दिवस शेवभाजी, एक दिवस भरीत-पुरी, वर फराळ. आणि त्याने जेवणाआधीचं इन्सुलिन स्वतःच बंद केलं होतं, "रेष चांगली येत होती म्हणून" असं म्हणे. अरे रेष चांगली येत होती ती इन्सुलिनमुळे येत होती ना भो! त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो, ऑपरेशननंतर. डोस परत सुरू केला, दोन आठवड्यात डोंगर खाली. पेशी मेल्या नव्हत्या, फक्त त्यांच्या एकट्यांवर बैलगाडी ओढायची वेळ आली होती.

खाण्याचं म्हटलं तर आमच्या भागातला माणूस म्हणून थोडं जास्त लिहितो. कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, सेन्सरवर एकदम शहाण्यासारखी वागते, हळू चढते हळू उतरते. भरीत स्वतः निष्पाप आहे, पुरी गुन्हेगार. शेवभाजीत तेलामुळे शुगर लगेच चढत नाही, दोन तास गप्प बसते आणि मग रात्री अकराला चढायला लागते, आणि स्वादुपिंड काढलेल्या माणसाला पचनासाठी एन्झाईमच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्या लागतात, त्या विसरल्या तर तेल पचतच नाही, मग रेष वेगळंच काहीतरी काढते आणि आम्ही पेशींना दोष देत बसतो. केळं, रावेरचं पिकलेलं, अर्धं. पूर्ण नाही. हे सेन्सर नसतं तर भांडणातून ठरलं असतं, आता मोबाईल दाखवला की विषय संपतो.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. लिव्हरमधल्या पेशी शुगर खाली आल्यावर ती वर खेचायचं काम नीट करत नाहीत, ते काम ग्लुकागॉन नावाच्या हार्मोनचं, आणि लिव्हरमध्ये बसवलेल्या पेशी ते वेळेवर सोडत नाहीत. म्हणून इन्सुलिन सुटलेल्यांना पण मेहनत केली की लो होऊ शकते. बापू दुकानात सिमेंटच्या गोण्या उचलायला गेला, नको म्हटलं तरी, आणि तासाभरात ५८. खरी, मीटरवर पण. तेव्हापासून त्याच्या खिशात कायम चार खडीसाखरेचे खडे.

आमच्या गल्लीत एकांची मुलगी टाइप वन डायबेटीसवाली आहे, बारा वर्षांची, तिचे वडील मला विचारत होते की आमच्या पोरीला पण हे करता येईल का. त्यांना सांगितलं ते इथे पण सांगतो, बापूचं आणि तिचं वेगळं. तिच्या स्वतःच्या पेशी शरीराने आधीच मारून टाकल्यात, तिला दुसऱ्याच्या लागतील, मेलेल्या दात्याच्या, आणि मग आयुष्यभर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या. कॅनडात एडमंटनला शापिरो नावाच्या डॉक्टरांच्या टीमने सात जणांना असं केलं आणि सातही इन्सुलिनशिवाय राहिले, २००० साली ते छापून आलं, जगभर बातमी झाली, पण पाच वर्षांनी बघितलं तर त्या दवाखान्यातल्या पेशंटपैकी जेमतेम दहा टक्के इन्सुलिनशिवाय होते. बहुतेकांच्या पेशी थोड्याफार जिवंत होत्या मात्र, आणि जीवघेण्या लो थांबल्या होत्या. अमेरिकेत २०२३ ला याला मान्यता मिळाली, ती पण फक्त मोठ्या माणसांसाठी, ज्यांना वारंवार जबर लो होतात त्यांच्यासाठी. २०२५ ला स्टेम सेल म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, त्यांच्यापासून बनवलेल्या पेशींचं आलं, बारापैकी दहा जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय, पण गोळ्या तिथेही आहेतच. बारा वर्षांच्या पोरीला आज त्या मागे पळवू नका. तिला सेन्सर मात्र लावा, वर्षातून दोन-तीनदा तरी, रात्रीच्या लो दिसतील. ते म्हणाले पाच हजार. मी म्हटलं हो, पाच हजार. त्याच्यापुढे मला बोलता आलं नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर सलग लावायची गरज नाही. आम्ही सुरुवातीचे तीन महिने सलग सहा लावली, त्यातली दोन वाया गेली, त्यानंतर चेकअपच्या आधी चौदा दिवस एवढंच. चौदा दिवसांपैकी ७० टक्के डेटा आला पाहिजे नाहीतर डॉक्टर तो कागद धरत नाहीत, म्हणजे दहा दिवस तरी टिकलं पाहिजे.

आता बारा महिने झाले. पेनचं इन्सुलिन २४ वरून रात्री ८ युनिट, जेवणाआधीचं फक्त सणावाराला. १४० च्या वरचा वेळ ४१ वरून २७ टक्के. एकही बेशुद्धी नाही. पोटातली कळ नाही, ते तर मी सांगायलाच विसरलो, ज्याच्यासाठी सगळं केलं ती कळ गेली. डॉक्टर तिसऱ्या महिन्यात म्हणाले होते तसंच झालं, शंभरातल्या बावीसमध्ये नाही आलो पण त्याच्या जवळच कुठेतरी अंगणात बसलोय.

सेन्सरला पाचपैकी साडेतीन. एक काटला किमतीचा, अर्धा त्या रात्री तीनच्या अलार्मचा. वही न लिहिता वापरणार असाल तर माझ्याकडून पाचपैकी एक, कारण मग ते नुसतं महागडं बटण आहे.

पुढचा चेकअप आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठ दिवसांनी आहे. बापू काल दुकानात येऊन हळूच म्हणतो, दादा, या वेळी सेन्सर आखाजी झाल्यावर लावू, माय खापरावरचे मांडे करणार आहे, सोबत आमरस, उगाच डॉक्टरला काय दाखवायचं. मी खोकं काढलं, तारीख बघितली आणि आखाजीच्या आदल्या रात्री लावायचं म्हणून त्याच्या समोरच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. एक मांडा खा म्हटलं, आणि वहीत एकच लिही.